गॅरांड रायफलची निगा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पायदळाने वापरलेली एम-१ गॅरांड ही रायफल आज त्या देशात अनेक नागरिकांच्या घरी जपलेली आढळते, आणि ती बाळगणाऱ्याचा बराचसा वेळ नेम धरण्यापेक्षा तिची निगा राखण्यातच जातो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जन्मलेल्या जॉन गॅरांड यांनी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत तिची रचना केली. १९३६ साली सैन्याने ती स्वीकारली आणि १९५७ पर्यंत सुमारे ५४ लाख रायफली तयार झाल्या. सैन्याच्या शस्त्रशाळांत त्या वेळोवेळी खोलून पुन्हा जुळवल्या गेल्यामुळे एकाच रायफलमध्ये निरनिराळ्या कारखान्यांचे भाग सापडतात, आणि हा इतिहास दोष मानून नाक मुरडणे योग्य ठरणार नाही.

विकत घेताना जाणकाराचे लक्ष प्रथम नळीकडे जाते. या रायफलचा मागचा भाग बंद असल्याने नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते, त्यामुळे सफाईच्या गजाने तोंडाजवळचे आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, घासले जातात. म्हणून दोन्ही टोकांची झीज मापकाने तपासण्याची पद्धत आहे. सैनिकांनी वर्षानुवर्षे निष्ठेने केलेली सफाईच पुष्कळदा नळीच्या झिजेला कारण झालेली असते.

गॅरांड अर्ध-स्वयंचलित आहे, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, परंतु पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. गोळी नळीच्या तोंडाजवळ पोहोचली की खालच्या बारीक छिद्रातून थोडा वायू नळकांड्यात शिरतो आणि लांब दांड्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या दट्ट्याला मागे रेटतो. दांडा मागे येताना बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग, फिरवून सोडवतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंगच्या जोराने सगळे पुन्हा पुढे येते. नळीखालून निघून उजव्या बाजूला वर यावे म्हणून हा दांडा मुळातच वाकडा घडवलेला आहे, आणि रायफलचे सर्वांत हळवे अंग तेच आहे. तिचे काडतूस ३०-०६ या नावाने ओळखले जाते, त्यातील ०६ हा आकडा १९०६ सालाचा आहे. हेच नाव असलेली आजची शिकारीची काही काडतुसे जड गोळीची आणि सावकाश जळणाऱ्या दारूची असतात. त्यांचा दाब छिद्रापाशी पोहोचेपर्यंत पुरेसा उतरत नाही आणि दांडा आणखी वाकतो. नाव जुळले म्हणजे काडतूस चालेल, हा समज म्हणूनच महागात पडतो.

आठ काडतुसे पोलादी पकडीत, म्हणजे क्लिपमध्ये, बसवलेली असतात आणि ती क्लिपसकट वरून आत दाबावी लागतात. क्लिप अडकताच बोल्ट सुटून पुढे झेपावू शकतो, त्यामुळे उजव्या हाताची कड दांड्याच्या मुठीला टेकवून ती अडवून धरायची, अंगठ्याने क्लिप खाली दाबायची आणि अंगठा बाजूला घेतल्यावरच मूठ सोडायची, असा क्रम आहे. तो चुकला तर अंगठा सापडतो आणि नख काळेनिळे होते. सुमारे साडेचार किलो वजनामुळे खांद्याला बसणारा धक्का पुष्कळ शोषला जातो. आठव्या गोळीनंतर रिकामी क्लिप खणकन उडून पडते आणि बोल्ट मागे उघडाच राहतो.

नेमबाजीनंतरचे काम मात्र निवांतपणे करण्याचे आहे. काही जुन्या लष्करी काडतुसांच्या ठिणगीटोपीतील रसायन जळल्यावर क्षार मागे उरतात, ते हवेतील ओल ओढून नळी गंजवतात, आणि तेलाने ते विरघळत नसल्याने आधी गरम पाण्यानेच धुवावे लागतात. दांडा आणि बोल्ट जिथे घासतात तिथे ग्रीस लावायचे, कारण पावसात तेल धुऊन जाते. दट्ट्या आणि वायूचे नळकांडे मात्र कोरडेच ठेवायचे. अक्रोडाच्या लाकडी दस्त्यावर जवसाचे तेल तळव्याने चोळून मुरवतात. शेवटी चापाचा संच खालून बसवून त्याची लोखंडी कडी मागे दाबून बंद करायची असते. ती जोर लावल्यावरच बसली तर लाकूड लोखंडाला घट्ट धरून आहे असे समजावे, आणि सहज मिटली तर लाकूड दबले आहे, म्हणजे नेम हलू लागण्याचे कारण तिथेच शोधावे.