पेशींची पाठचिकित्सा

दोन वर्षांपूर्वी माझी पेडण्याची एक विद्यार्थिनी वर्गात येईनाशी झाली. तिच्या भावाला स्किझोफ्रेनिया झाला होता. भेटायला गेले तेव्हा देवळात कौल लावून झाला होता, बांबोळीला औषधोपचारही सुरू होते. आई मात्र एकच विचारत होती, 'माझं कुठं चुकलं?'

हा प्रश्न एकट्या तिचा नव्हे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक विदुषीने अशा रुग्णांच्या आईकडेच बोट दाखवले होते. आईवरचा तो आरोप पुढे टिकला नाही. मग कारण शोधायचे कुठे? तपासणीसाठी जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही. २००७ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी माणसाच्या त्वचेतील पेशींना मूळपेशींची अवस्था परत मिळवून दिली. अशा मूळपेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवता येतात.

तरी अडचण उरतेच. दोन माणसांच्या जनुकीय संहितेत लाखो फरक असतात. पोथीच्या दोन प्रतींत शेकडो पाठभेद असले, तर अर्थ नेमका कशामुळे बदलला हे सांगणे कठीण जाते, तसेच हे. जनुक-संपादनाने त्यावर वाट काढली. एकाच मूळपेशीच्या दोन प्रती घ्यायच्या, एकीत एकच जागा बदलायची आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या. २०१२ नंतर क्रिस्पर तंत्रामुळे हे काम पुष्कळ सोपे झाले.

न्यूरेक्सिन-१ या जनुकाचा भाग गळालेल्या माणसांना स्किझोफ्रेनियाचा धोका अधिक असतो. अमेरिकेत थॉमस झ्युडहोफ यांच्या गटाने मूळपेशींतील या जनुकाची एक प्रत निकामी केली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चेतापेशी वाढल्या, एकमेकींशी जुळल्याही. पण एकीचा निरोप दुसरीला पोचवणारे रसायन कमी सुटत होते. आपल्याकडे बंगळुरूत निम्हान्स आणि तिथल्या जीवविज्ञान संस्था आजारी व निरोगी नातेवाइकांच्या पेशींपासून मूळपेशी तयार करून अभ्यास करीत आहेत.

बशीतल्या पेशीला भास होत नाहीत, तिचे मन दुभंगत नाही. शिवाय या आजारात एक नव्हे, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. म्हणून 'घराण्यातच आहे' हा शिक्काही आईवरच्या आरोपाइतकाच चुकीचा.

मी त्या माउलीला एवढेच सांगितले, 'तुमचं काही चुकलं नाही. औषध थांबवू नका.' आणि मुलीला म्हटले, 'सोमवारपासून वर्गात ये.'