फायरवॉल आहे, पण त्यातल्या नियमांचा क्रम कुणी बघितलाय का?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फायरवॉलची स्क्रीन उघडून बघितली. पण मोबाईलवर त्या बारीक ओळी नीट दिसत नाहीत, आणि हा विषय सावकाश वाचण्याचा आहे, म्हणून हा लेख. मुरबाड, सरळगाव, शहापूर, किन्हवली या पट्ट्यात सीसीटीव्ही बसवणारे, वायफाय जोडून देणारे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकू बघणारे जे तरुण आहेत, त्यांनी तर हा पूर्ण वाचाच. यात एक काम दडलंय ज्याचे पैसे मागता येतात. आणि ज्यांचा स्वतःचा गाळा किंवा वर्कशॉप आहे त्यांनी यासाठी वाचा, की तुमचे बिलांचे आणि उधारीचे सगळे हिशोब ज्या एका कॉम्प्युटरवर आहेत, त्याच्या दारावर नेमकं काय लिहिलंय हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आधी दार समजून घेऊ. मुरबाड एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर वॉचमन असतो. समजा मालकाने त्याला एक वही दिली आणि सांगितलं, "माणूस आला की वरून वाचायला सुरुवात कर. जी ओळ त्याला लागू पडेल तसं कर, पुढे वाचू नकोस." वहीत पहिली ओळ आहे : कंपनीचा युनिफॉर्म घातलेल्याला आत सोडा. दुसरी ओळ : कामावरून काढलेल्यांना आत सोडू नका. आता गेल्या महिन्यात काढलेला माणूस जुना युनिफॉर्म घालून आला. वॉचमन काय करेल? पहिली ओळ लागू पडली, माणूस आत. दुसऱ्या ओळीपर्यंत तो गेलाच नाही. यात वॉचमनची काही चूक नाही, त्याने सांगितलं तेच केलं.

फायरवॉल हाच वॉचमन आहे. त्यातल्या प्रत्येक ओळीत साधारण चार गोष्टी असतात : माहिती कुठून येतेय, कुठे चाललीय, कुठल्या पोर्टवर, आणि तिचं काय करायचं, म्हणजे सोडायचं की अडवायचं. पोर्ट म्हणजे तहसील कार्यालयातल्या खिडकीचा नंबर समजा, एकेका कामाची एकेक खिडकी. बहुतेक फायरवॉल या ओळी वरून खाली वाचतात आणि पहिली जुळलेली ओळ सापडली की तिथेच थांबतात. खालची ओळ कितीही कडक असली तरी तिला विचारलं जात नाही.

मग घोटाळा कुठे होतो? नवीन ओळ घातली की बहुतेक यंत्रांत ती यादीच्या तळाशी जाऊन बसते. पहिल्या दिवशी ज्याने इंटरनेट चालू करून दिलं, त्याने वर एक ढोबळ ओळ टाकलेली असते : ऑफिसमधून इंटरनेटला सगळं चालू. सहा महिन्यांनी कुणीतरी सांगतं की सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला बाहेर जाऊ देऊ नका. मग खाली ओळ येते : डीव्हीआर, इंटरनेट, बंद. स्क्रीनवर लाल अक्षरात ती दिसते, सगळे निश्चिंत. पण डीव्हीआर ऑफिसच्याच नेटवर्कवर आहे, त्यामुळे त्याला पहिली ओळ लागू पडते आणि तो बाहेर जातच राहतो. अशा झाकल्या गेलेल्या नियमाला या धंद्यात 'शॅडो' झालेला नियम म्हणतात. उपाय इतकाच, की ती ओळ उचलून ढोबळ ओळीच्या वर ठेवायची. नेमकं ते वर, ढोबळ ते खाली.

डीव्हीआरचं एक वेळ सोडून देऊ. पैशांवर येणारं उदाहरण वेगळंच आहे. अकाउंटिंग सॉफ्टवेअरवाल्याला घरबसल्या तुमच्या कॉम्प्युटरवर यायचं असतं. घाईत कुणीतरी रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं पोर्ट 'कुठूनही या' असं उघडून देतं, आणि ती ओळ वरच राहते. नंतर धास्ती वाटली म्हणून खाली दुसरी ओळ पडते : बाहेरून ३३८९ बंद. मालक यादी बघतो, त्याला 'बंद' दिसतं. प्रत्यक्षात दार सताड उघडं असतं. इंटरनेटवर अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात. त्यांना मुरबाड कुठे आहे हे माहीत नसतं आणि त्याची गरजही नसते. पासवर्ड फुटला की हिशोबाच्या फाईली कुलूपबंद, आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी.

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं दुखणं आहे, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर २०१७ आठवा. २७ जून २०१७ ला उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात सापडलं. ते मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचं टर्मिनल. कॉम्प्युटर बंद पडले, काम हाताने करायची वेळ आली, कंटेनर अडकले. हल्ला सुरू झाला होता युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! एकदा आत शिरल्यावर तो शेजारच्या कॉम्प्युटरवर उड्या मारत गेला. त्यासाठी त्याने विंडोजच्या फाईल शेअरिंगचं ४४५ नंबरचं पोर्ट वापरलं, आणि चोरलेले पासवर्डही. विंडोजमधली ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेलं होतं. मर्स्कने नंतर सांगितलं की त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले, आणि नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर होता.

तिथे नियमांचा क्रम चुकला होता, असा माझा दावा नाही. मुद्दा दुसराच आहे. ते संकट परवानगी असलेल्या दारातूनच आलं, आणि आत खोली-खोलीमध्ये जिथे भिंत नव्हती तिथे ते पसरलं. तुमच्या गाळ्यात अकाउंट्सचा कॉम्प्युटर, डीव्हीआर आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिलेलं वायफाय एकाच नेटवर्कवर असेल, तर तुमच्याकडेही भिंत नाही. ती घालायची म्हणजे पुन्हा नियमच लिहायचे, आणि तिथेही क्रम आलाच.

आता जरा तांत्रिक, पण हे पाठ करा, कारण गिऱ्हाईकाकडे गेल्यावर इथेच फजिती होते. सगळी यंत्रं एकसारखी नसतात.

यादी संपली आणि एकही ओळ जुळली नाही तर काय? फोर्टिगेट किंवा सिस्कोच्या यादीत शेवटी न लिहिलेला 'बंद' असतो. मायक्रोटिकमध्ये उलट आहे. कुठलीच ओळ जुळली नाही तर माहिती सोडली जाते, म्हणून तिथे शेवटची 'ड्रॉप'ची ओळ तुम्हालाच लिहावी लागते. आणि तीच ओळ चुकून सगळ्यात वर टाकलीत तर तुम्ही स्वतःच बाहेर! मुरबाडच्या दुकानात बसून धसईच्या गिऱ्हाईकाचा राउटर बदलत असाल, तर मग गाडीला किक मारा आणि निघा. त्यासाठी मायक्रोटिकमध्ये 'सेफ मोड' दिलेला आहे. तो चालू करून काम केलं आणि मध्येच जोडणी तुटली, तर केलेले बदल आपोआप मागे घेतले जातात. हात लावण्याआधी तो चालू करायचा.

फोर्टिगेटमध्ये नियमाला जो आयडी नंबर असतो, तो क्रम नव्हे. ३ नंबरचा नियम १२ च्या खाली असू शकतो. यादीत तो कुठे बसलाय तेच खरं. विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये तर वर-खालीचा हिशोबच नाही. तिथे स्पष्ट 'ब्लॉक' असेल तर तो 'अलाऊ'ला हरवतो, कुठेही लिहिलेला असो. आणि ओपनबीएसडीची पीएफ नावाची फायरवॉल उलट्या चालीची, तिथे शेवटची जुळलेली ओळ जिंकते. फक्त 'क्विक' असा शब्द लिहिला असेल तर तिथेच थांबते. म्हणून एका यंत्रावर शिकलेलं दुसऱ्यावर डोळे झाकून लावू नका.

अजून एक गोष्ट फसवते. तुम्ही 'बंद'ची ओळ बरोबर जागी नेली, तरी आधीपासून चालू असलेली जोडणी बऱ्याचदा चालूच राहते. कारण जुन्या जोडण्या ओळखून सोडणारी ओळ सहसा सगळ्यात वर असते, आणि वेगासाठी ती असावीही लागते. नियम चालत नाही असं वाटून लोक भलतंच काहीतरी बदलत बसतात. आधी त्या जुन्या जोडण्या साफ करा, मग तपासा. बाहेरून दार बंद झालं का हे बघायचं तर ऑफिसच्या वायफायवरून बघू नका. मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून बघा, तेव्हाच तुम्ही खरे बाहेरचे.

आता कामाचं बोलू. "शेठ, तुमच्या फायरवॉलचे नियम तपासून देतो" असं म्हटलं की समोरून उत्तर ठरलेलं असतं : "अरे दादा, फायरवॉल आहे ना आपल्याकडे, मग कशाला?" वाद घालू नका. यादी उघडून प्रत्येक ओळीसमोरचा मोजणीचा आकडा दाखवा. कुठली ओळ किती वेळा लागू पडली हे बऱ्याच यंत्रांत दिसतं. 'बंद'च्या ओळीसमोर शून्य आणि वरच्या 'सगळं चालू'समोर लाखोंचा आकडा दिसला, की शेठला आपोआप कळतं. माझ्या मते या कामात विकायला यापेक्षा चांगली गोष्ट नाही, कारण पुरावा गिऱ्हाईकाच्याच स्क्रीनवर असतो.

पण शून्य दिसलं म्हणून लगेच ओळ पुसायची नाही. ती महिन्यातून एकदा पगाराच्या दिवशी लागत असेल, किंवा ३१ मार्चच्या गडबडीत सीएसाठी लागत असेल. आधी नुसती बंद करून ठेवा, बाजूला तारीख आणि कुणाच्या सांगण्यावरून ते लिहा, बॅकअप घ्या, आणि पुरेसा काळ गेल्यावरच पुसा. प्रत्येक ओळीला कारण लिहिण्याची सवय लावलीत तर पुढच्या वर्षी तेच काम अर्ध्या वेळात होईल. वर्षाचा मेंटेनन्स करार मागायला हाच कागद उपयोगी पडतो.

गिऱ्हाईकाला एक सरकारी गोष्टही सांगा. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे असतात, आणि यंत्रांचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असं समजू नका, व्यवसाय करणारी एकट्याच्या मालकीची पेढीही त्यात येते. आता मायक्रोटिकसारख्या राउटरवर मुळात लॉग मेमरीत असतो, म्हणजे लाईट गेली की लॉगही गेला. आपल्या भागात लाईट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. म्हणून लॉग दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा डिस्कवर पाठवायची सोय करून द्या. हेही वेगळं काम आहे, बिलात वेगळी ओळ लावा. आणि कुणाचे पैसेच गेले असतील तर आधी १९३० ला फोन, नंतर बाकी सगळं.

पुढच्या व्हिडिओत गाळ्यातलं गेस्ट वायफाय आणि अकाउंट्सचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये भिंत कशी घालायची, ते एकेक ओळ लिहून दाखवतो. तोवर आपल्या राउटरचा पासवर्ड कुणाकडे आहे तेवढं शोधून ठेवा. बसवणाऱ्याने तो दिलेलाच नसेल तर आजच मागून घ्या.