उलटलेला वर्ग आणि घरची संध्याकाळ

ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०२५च्या १० डिसेंबरपासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते बाळगण्यास मनाई केली, तेव्हा आपल्याकडील चर्चा मुलांचे व्यसन आणि कंपन्यांना होऊ शकणारा जबर दंड यांभोवतीच घुटमळली. परंतु त्या फर्मानातील एक बाब शिक्षकांनी विशेष विचारात घ्यावी अशी आहे. यूट्यूबला शैक्षणिक उपयोगाच्या सबबीवर सूट देण्याची जी तजवीज आधी होती, ती जुलै २०२५मध्ये मागे घेण्यात आली. खात्याविना चित्रफिती पाहण्याची मुभा राहिली, वर्गात त्या दाखवण्यासही प्रत्यवाय नाही. तथापि शिक्षकाने चित्रमुद्रित केलेला पाठ विद्यार्थ्याने घरी एकट्याने पाहावा आणि गृहपाठ मात्र वर्गात करावा, ही जी ‘फ्लिप्ड क्लासरूम’ नामक पद्धती माध्यमिक शाळांत रूढ होऊ पाहत आहे, तिचा मोठा आधार असलेले माध्यमच एका सरकारला मुलांसाठी अपायकारक वाटू लागावे, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही.

या पद्धतीचा उगम मोठा साधा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वुडलंड पार्क येथील हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हे दोघे रसायनशास्त्र शिकवीत. सामन्यांसाठी दूरच्या गावी जाणाऱ्या मुलांचे तास बुडत, म्हणून २००७च्या सुमारास त्यांनी आपले पाठ चित्रमुद्रित करण्यास प्रारंभ केला, आणि मग त्यांच्या ध्यानात आले की विद्यार्थ्याला शिक्षकाची खरी निकड व्याख्यान चालू असताना नसून उदाहरण अडते त्या क्षणी असते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभीच विद्यार्थ्यांस धडा आधी वाचून यावयास सांगून वर्गातला वेळ परस्परचर्चेकडे वळवला होता, आणि त्यासाठी चित्रफितीची गरज त्यांना पडली नव्हती. सार त्या हाती आलेल्या तासात आहे.

डेट्रॉइटजवळच्या क्लिंटनडेल हायस्कूलचे मुख्याध्यापक ग्रेग ग्रीन यांनी २०१०-११मध्ये ही पद्धती प्रथम नववीस लावली. गणितात नापास होणाऱ्यांचे प्रमाण ४४ टक्क्यांवरून १३ वर आल्याचे शाळेने जाहीर करताच तिचा बोलबाला देशभर झाला. आकडे शाळेचेच होते, आणि तुलनेसाठी जुन्या पद्धतीचे समकक्ष वर्ग ठेवून घेतलेली ती परीक्षा नव्हती. उत्साही मुख्याध्यापकाच्या हाताखाली कोणतीही नवी पद्धती वर्षभर चांगलीच चालते, असा माझा आपला ग्रह आहे.

म्हणूनच मला वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतला प्रयोग अधिक मोलाचा वाटतो, आणि तो माध्यमिक शाळेतला नाही ही त्याची उणीव नसून त्याचे बळच आहे. सिल्व्हेनस थेअर यांनी १८१७ ते १८३३ या आपल्या अधीक्षकपदाच्या काळात तेथे असा दंडक घातला होता की छात्राने पाठ आधी अभ्यासून यावा आणि वर्गात फळ्यापाशी उभे राहून सोडवून दाखवावा. त्याच संस्थेत एलिझाबेथ सेट्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,३२८ छात्रांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने दोन प्रकारच्या वर्गांत विभागून पाहिले. गणितात अल्पकाळ लाभ झाला, अर्थशास्त्रात काहीच झाला नाही, आणि गणितातला तो सरासरी लाभही पुढे टिकला नाही; टिकली ती केवळ वाढलेली दरी, कारण लाभ मुख्यत्वे आधीच हुशार असलेल्या, गोऱ्या आणि पुरुष छात्रांच्या वाट्यास आला होता. ध्यानात घ्यावयाचे ते हे, की तेथे सर्वांचा निवास एकाच आवारात, सर्वांना एकच शिस्त आणि हजेरी सक्तीची. जेथे परिस्थितीचे इतके समानीकरण झाले आहे, तेथेही ही पद्धती अंतर वाढवीत असेल, तर ज्या घरात एकच फोन आहे, तोही वडिलांबरोबर रात्री नऊला परततो, आणि ज्या घरची मुलगी त्या वेळी भाकऱ्या थापीत असते, तेथे ही पद्धती काय करील?

ही शंका काल्पनिक नाही. ग्रामीण भारतासंबंधी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार, स्मार्टफोन चालवता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांजवळ स्वतःचा फोन आहे, मुलींपैकी २६.९ टक्क्यांजवळ; आदल्या आठवड्यात फोनचा उपयोग शिक्षणाकरिता केल्याचे सांगणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांकरिता केल्याचे सांगणारे ७६ टक्के. शिवाय आपल्या शहरांत पाठाचे विवेचन शाळेबाहेर नेण्याचे कार्य खासगी शिकवणीने केव्हाच उरकले आहे. दहावीचा मुलगा धडा ‘क्लास’मध्ये ऐकून येतो, आणि शाळेत तोच धडा पुन्हा ऐकतो. विवेचन बाहेर गेले, पण मोकळा झालेला तास त्याच्या पदरात पडला नाही.

तेव्हा पाठ चित्रमुद्रित करण्यास माझा विरोध नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेत जोडून तो मार्ग आपल्याकडेही घालून दिला आहे. परंतु ती चित्रफीत शाळेतच, शाळेच्या वेळात आणि शाळेच्या साधनावर दाखवावी. वर्गातल्या एका गटाने ती पाहावी आणि दुसऱ्याने शिक्षकाजवळ बसून उदाहरणे सोडवावीत. ज्या मुख्याध्यापकांना वेळापत्रकात एवढा फेरबदल करणे शक्य नसेल, त्यांनी वर्ग उलटा करण्याच्या भरीस पडू नये.