फॉरमॅट मारण्याआधी...

शनिवारची रात्र. मेसमधलं जेवण उरकून विंगमधली चार टाळकी माझ्या खोलीत जमलेली. केबल्स, स्विच, एक्स्टेन्शन बोर्ड असा सगळा जामानिमा मांडून झाला. गेम 'सुपरटक्सकार्ट'. फुकटचा, आणि लिनक्सवर झकास चालणारा. तिघांच्या गाड्या सुसाट सुटल्या आणि माझी? तिच्यापेक्षा बैलगाडी बरी! चित्र एकेका फ्रेमने पुढे सरकत होतं. गंमत म्हणजे गेम आणखी पळावा म्हणून आदल्याच दिवशी मी कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकला होता.

रात्री दीड वाजता मी तेच केलं जे आपण सगळे करतो. फॉरमॅट! नवीन लिनक्स, नवीन ड्रायव्हर, रीस्टार्ट. पहाटे चारला गेम सुरू केला, तर पुन्हा बैलगाडी. आणि मग आठवलं की प्रोजेक्ट रिपोर्टची तीन प्रकरणं आणि सगळी रीडिंग्ज त्याच पार्टिशनवर होती. सोमवारी गाईड सरांना सांगितलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका सीनिअरने पाच मिनिटांत रोग शोधला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "अरे, लॉग पाहिलास का?" नव्हता पाहिला. म्हणून हा लेखप्रपंच.

साखळी समजून घ्या

गेम थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलत नाही. तो ओपनजीएल किंवा वल्कन या लायब्ररीला सांगतो, लायब्ररी कर्नलमधल्या ड्रायव्हर मॉड्यूलला सांगते आणि मॉड्यूल कार्डाला. इंटेल आणि एएमडी कार्डांचे मुक्त मॉड्यूल कर्नलमध्येच येतात आणि लायब्ररी 'मेसा' पुरवते, त्यामुळे तिथे कटकटी कमी. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र कर्नलबाहेरून आणून बसवावा लागतो. २०२२ साली कंपनीने आपली कर्नल मॉड्यूल्स मुक्त केली, पण ती ट्युरिंग, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्याच कार्डांना चालतात. जीटीएक्स १०५० सारखं जुनं कार्ड असेल तर ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. त्याहून नवा टाकला तर तो कार्डाला ओळखणारच नाही.

थोडक्यात काय, तर कुठली कडी तुटली ते शोधायचं. सगळी साखळी फेकून द्यायची नाही.

तपासणी

(कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना रोमन स्मॉल अक्षरं वापरा.)

१. 'एलएसपीसीआय -के' द्या. कार्डाच्या नावाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ दिसली, तर मॉड्यूल चढलं आहे. ओळच नसेल तर चढलेलं नाही.

२. 'जीएलएक्सइन्फो -बी' द्या (हा 'बी' मात्र कॅपिटल). रेंडररच्या ओळीत कार्डाचं नाव हवं. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं, तर कार्ड आराम करतंय आणि सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर काढतोय. माझी बैलगाडी ती हीच!

३. 'डीकेएमएस स्टेटस' द्या. कर्नल अपडेट झाला की कुलूप बदलतं, जुनी किल्ली लागत नाही. डीकेएमएस हा किल्लीवाला नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा तयार करतो. पण त्याला कुलपाचा साचा लागतो, तो म्हणजे कर्नल हेडर्सचं पॅकेज. चालू कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल, तर आधी हेडर्स टाका.

४. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' द्या. सिक्युअर बूट चालू असेल तर सहीशिवायचं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. 'मॉडप्रोब' करून पाहिलं तर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं स्वच्छ उत्तर येतं.

माझा रोग चौथा. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता, तो मी काहीतरी ठोकून दिला. रीस्टार्टच्या वेळी निळा पडदा आला, तो त्रास समजून मी एंटर मारून घालवला. तिथे 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो, तेव्हा कुठे ती सही मान्य होते. फॉरमॅटनंतर पुन्हा तोच पडदा आला आणि मी पुन्हा एंटर मारला. मग फरक पडणार कसा?

काळा पडदा आला तर

घाबरू नका. चालू करताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबचा मेनू आणा आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. बहुतेक वेळा मशीन उठतं. नाहीच उठलं तर 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा. ही फक्त तात्पुरती कुबडी, ती कायमची ठेवली तर कार्डाचा वेग मिळणारच नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी

लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा दोन ग्राफिक्स असतात आणि वीज वाचवायला गेम साध्यावरच उघडतो. म्हणजे ड्रायव्हर ठणठणीत, तरी गेम रडतो. एनव्हिडियासाठी स्टीममध्ये गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये 'प्राइम-रन' लिहून पुढे टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'कमांड' लिहा. आणि स्टीमवरचे बरेच गेम ३२ बिटी आहेत, ड्रायव्हरच्या ३२ बिटी लायब्ररीही हव्यात.

एक पथ्य मात्र पाळा. ड्रायव्हर आपल्या डिस्ट्रोच्या पॅकेजमधूनच घ्या. उबुंटूवर 'उबुंटू-ड्रायव्हर्स' ही कमांड कार्डाला योग्य आवृत्ती स्वतः निवडते. साइटवरची 'रन' फाईल त्यावरच चढवली तर दोन्ही एकमेकांच्या फायली तुडवतात आणि पुढच्या अपडेटला रडायची वेळ येते.

आता आमच्या विंगमध्ये कुणाचा गेम अडकला की तो लॉग घेऊनच माझ्या खोलीत येतो. रिपोर्ट मी पुन्हा लिहिला. रीडिंग्ज मात्र लॅब असिस्टंट काकांच्या मिनतवाऱ्या करून, रविवारी लॅब उघडून पुन्हा घ्यावी लागली. तेव्हा फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी चार कमांड द्या. आणि त्याही आधी, रिपोर्ट पेन ड्राइव्हवर कॉपी करा!