मोहरी नाकात का जाते?

मोहरीचा कोरडा दाणा हुंगून पाहा. वास जवळजवळ नाहीच. तेच दाणे वाटून पाण्यात फेसायला घ्या. घटकाभरात नाकात झणका आणि डोळ्यांत पाणी. केळ्याच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून लावणाऱ्या घरांत हे नव्याने सांगायला नको. पण हा झणका मुळात दाण्यात नसतोच, तो आपण तयार करतो.

दाण्यात सिनिग्रिन नावाचं गंधकयुक्त संयुग एका कप्प्यात आणि मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. दाणा भरडला, पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि अलाईल आयसोथायोसायनेट बनतं. हा मोहरीचा कीटकांविरुद्धचा दारूगोळा. फोडणीत मात्र उष्णतेने विकरच निकामी होतं. म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही.

कोबी, मुळा, ब्रोकोली ही याच कुळातली मंडळी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले यांच्या गटाने १९९२ साली ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं केलं. मोहरीतल्या झणक्याचंच हे भावंड. पुढे १९९७ मध्ये त्यांनी दाखवलं की ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या मोडांत त्याचा कच्चा माल पूर्ण वाढलेल्या गड्ड्यापेक्षा दहा ते शंभर पट असू शकतो.

पेशीत शिरल्यावर ते काय करतं? पाकिटांवर छापतात तसं ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून स्वतः लढायला उतरत नाही. पेशीत एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन असतं. एरवी कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून मोडीत धाडत असतं. सल्फोराफेन या कीप-१ ला चिकटतं, त्याची पकड सुटते. मोकळं झालेलं एनआरएफ-२ केंद्रकात जाऊन ग्लुटाथायोन बनवणारी आणि विषारी द्रव्यांचा निचरा करणारी जनुकं चालू करतं. थोडक्यात, पेशीला हा पाहुणा उपद्रवी वाटतो आणि ती आपली शस्त्रं परजते. मला तरी यात वनस्पतीच्या दयाळूपणापेक्षा शरीराची हुशारी जास्त दिसते.

यावरून कर्करोग टळतो, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बराचसा पुरावा पेशी आणि प्राण्यांवरचा आहे. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची हौस तर कधी महागात पडते. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. निष्कर्ष १९९४ साली आले.

ताटातली कोबीची पचडी मात्र जरूर खा. शिजवायचाच असेल तर कोबी चिरून थोडा वेळ तसाच ठेवा, विकराला काम उरकू द्या. शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड भुरभुरली तर तिच्यातलं विकर कामी येतं आणि शरीराला जास्त सल्फोराफेन मिळतं, हे माणसांवरच्या प्रयोगातही दिसलं आहे. आणि मोहरी फेसायला पाणी गारच घ्या. तोंड मात्र जरा लांब ठेवा.