लोकायुक्तांचा नवा अधिकार
1971 च्या कायद्याने महाराष्ट्रात लोकायुक्त ही संस्था निर्माण झाली खरी. परंतु मुख्यमंत्री तिच्या अधिकारकक्षेबाहेर, आणि मंत्री वा अंमलदार यांच्याविरुद्धची तक्रार शाबीत झाली तरी लोकायुक्तांनी शिफारशीचा अहवाल सादर करून स्वस्थ बसावे, अशी तिची अवस्था राहिली. अण्णा हजारे यांच्या दीर्घ आग्रहानंतर विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये व विधान परिषदेने डिसेंबर 2023 मध्ये संमत केलेल्या विधेयकाने मुख्यमंत्र्यांनाही चौकशीच्या कक्षेत आणले. मात्र तत्पूर्वी विधानसभेच्या दोनतृतीयांश सदस्यांची, म्हणजे 288 पैकी 192 जणांची, अनुमती आवश्यक ठरवली. ज्यांच्या पाठबळावर मुख्यमंत्री अधिकारारूढ आहेत त्यांच्याकडेच हा परवाना मागावयाचा असल्याने ही तरतूद कितपत अंमलात येईल, याविषयी प्रस्तुत लेखकास तरी शंका वाटते.