सपाट चप्पल का मानवत नाही?

वर्षानुवर्षे उंच टाचांच्या चपला वापरणाऱ्या काही स्त्रियांच्या पोटऱ्या सपाट चपलेत दुखतात. ही तक्रार खरी असते, पण दोष सपाट चपलेचा नसतो. टाच उचललेली राहिली की पोटरीच्या स्नायूची दोन टोके जवळ येतात आणि कालांतराने स्नायूचे तंतू आखूड होतात. २०१० सालच्या एका अभ्यासात ते सरासरी ५६ मिलिमीटरऐवजी सुमारे ५० भरले. टाचेमागचा कंडराही जाड व ताठ झालेला आढळला. मग टाच जमिनीला टेकताना ताण पडणारच!

शिक्षकांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. दोन वजनकाटे जोडून ठेवावेत. एकावर टाचा, दुसऱ्यावर चवडे ठेवून ताठ उभे राहावे. नंतर टाचांखाली लाकडी ठोकळा सरकवावा (त्याचे वजन वजा करावे). चवड्यांवरचा भार वाढलेला दिसेल.